नगरवृक्षांची नोंद : जुन्या लेखांतील पुरावा आणि आजचें कर्तव्य

(१)

राजे, लढाया, वतनें, करारमदार यांचे कागद आपण परिश्रमानें जमवितों. पण त्याच कागदांच्या कडेला उभें असलेलें झाड बहुधा आपल्या नजरेंतून सुटतें. ज्यांनीं सीमेचे महजर व इनामाच्या सनदा वाचल्या आहेत त्यांस मात्र हें ठाऊक आहे कीं, जुन्या लेखकांनीं झाडास वगळलेलें नाहीं. शिलालेखांत झाडें मोजलेलीं आहेत, स्मृतींत तीं तोडणारास दंड सांगितला आहे, ताम्रपटांत तीं दान दिलीं आहेत, आणि मराठी सनदांत त्यांचा हक्क शब्दानें लिहून दिलेला आहे.

गांवांतील व नगरांतील झाडें आपल्या पूर्वजांनीं केवळ श्रद्धेनें राखलीं, अशी समजूत रूढ आहे. ती अगदींच खोटी नव्हे, पण अपुरी आहे. श्रद्धेच्या जोडीला लेख होता. झाडाची नोंद होती आणि त्या नोंदींत त्या झाडापाशीं कोणाचा तरी हक्क किंवा कोणाची तरी जबाबदारी बांधलेली होती. ही गोष्ट जुन्या लेखांवरून दाखवावी व तिच्यावरून आजच्या लहान नगरांस कांहीं बोध निघतो कीं काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही हें देवळें येथून लिहीत आहों. नाशिक जिल्ह्यांतील हें गांव पूर्वीं कळवण तालुक्यांत होतें. आतां तें स्वतः तालुक्याचें ठाणें असून तेथें नगरपंचायत आहे. विंचूर-प्रकाशा मार्ग येथूनच सटाण्याकडे जातो. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा मुलूख कमी पावसाचा व कांद्याचा म्हणून आज प्रसिद्ध आहे. परंतु इ. स. १६३८ मध्यें मोगलांनीं बागलाण घेतलें त्याचा वृत्तांत देतांना अब्दुल हमीद लाहोरी आपल्या बादशाहनाम्यांत सांगतो कीं, या प्रांतांत ९ किल्ले, ३४ परगणे व १००१ वसतीचीं गांवें असून समशीतोष्ण हवा, पुष्कळ ओढे आणि झाडांफळांची विपुलता यांविषयीं तो विख्यात आहे. किल्ल्यांची व गांवांची गणती करणाऱ्या दरबारी बखरकारास त्याच वाक्याच्या शेजारीं झाडांचा उल्लेख करावासा वाटला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

(२)

झाडांच्या लेखी नोंदीचा अतिशय जुना पुरावा आमच्याच जिल्ह्यांत, नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत आहे. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख दहाव्या लेण्यांत कोरलेले असून ते सेनार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत प्रसिद्ध केले आहेत. गाई, घाट, तरी, धर्मशाळा, गांवें अशीं नाना दानें त्यांत सांगितलीं आहेत. त्यांतच नानंगोल गांवचीं ३२,००० नारळाचीं झाडें गोवर्धन, शूर्पारक इत्यादि ठिकाणच्या चरकांच्या पर्षदांस दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखांत कापूर आहारांतील चिखलपद्र या गांवचीं ८,००० नारळाचीं झाडें दिल्याचें लिहिलें आहे.

येथें तीन गोष्टी पाहाव्या. झाडांची संख्या दिली आहे. तीं कोणत्या गांवचीं तें दिलें आहे. आणि तीं कोणास दिलीं तेंहि सांगितलें आहे. ही संख्या ठोकळ असेल, कारण बत्तीस हजार माड एक एक करून कोणीं मोजले असतील असें म्हणवत नाहीं. तथापि दानाचा विषय ‘बाग’ असा मोघम न लिहितां झाडाच्या बुंध्यांच्या संख्येनें लिहावा, ही लेखनाची रीति आजच्या वृक्षगणनेची पूर्वज होय. हें दान उत्पन्नासाठीं होतें हें उघड आहे. पण उत्पन्नासाठीं कां होईना, झाडास ठिकाण व धनी हीं दोन्ही लाभलीं.

(३)

आतां दंडशास्त्राकडे वळूं. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध करीपर्यंत हा ग्रंथ नांवानेंच ठाऊक होता. त्याच्या तिसऱ्या अधिकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायांत, दंडपारुष्य म्हणजे मारहाण या प्रकरणांत, झाडांचा विषय आला आहे. झाडावर घाव घालणें हें मनुष्यावर हात टाकण्याच्या प्रकरणांत घालावें, ही रचनाच बोलकी आहे. आणि ज्या झाडांपासून आरंभ केला आहे तीं रानांतील नव्हत, तर ‘पुरोपवन’ म्हणजे नगराच्या उपवनांतील, फुलें, फळें किंवा सांवली देणारीं आहेत. त्यांचे कोंब तोडल्यास ६ पण, लहान फांदी तोडल्यास १२ पण, जाड फांदी तोडल्यास २४ पण, खोड तोडल्यास पूर्व साहसदंड म्हणजे ४८ ते ९६ पण, आणि झाड समूळ उपटल्यास मध्यम साहसदंड म्हणजे २०० ते ५०० पण, अशी चढती श्रेणी लावली आहे. सीमेवरचीं, चैत्याचीं व खुणेचीं झाडें आणि राजवनें यांस हाच दंड दुप्पट आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत हाच विषय थोडक्यांत आला आहे. वडासारख्या फांदी लावली असतां फुटणाऱ्या झाडांस व आंब्यासारख्या उपजीविकेच्या झाडांस फांदी, खोड व सबंध झाड या क्रमानें दंड वाढतो; विज्ञानेश्वर मिताक्षरेंत तो २०, ४० व ८० पण असा उलगडून सांगतो. चैत्य, श्मशान, सीमा, पुण्यस्थान व देवालय येथील झाडांस, तसेंच जें झाड ‘विश्रुत’ म्हणजे प्रसिद्ध आहे त्यास दुप्पट दंड आहे.

या दोन ग्रंथांत एक भेद आहे, व तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा वाटतो. कौटिल्याच्या पाठाचा सरळ अन्वय घेतला तर पुण्यस्थान, तपोवन व श्मशान येथील झाडांस नगरवृक्षाच्या निम्माच दंड आहे. याज्ञवल्क्य पुण्यस्थानास दुप्पट सांगतो. म्हणजे कौटिल्य नगरांतल्या सांवलीचें मोल तपोवनांतल्या झाडाहून अधिक धरतो. आमच्या मतें याचें कारण व्यवहाराचें असावें. तपोवनांत एक झाड गेलें तरी शेजारीं दहा असतात. नगरांत एक गेलें तर तेवढी सांवली गेली. धर्मशास्त्रकारानें स्थळाचें पावित्र्य पाहिलें, अर्थशास्त्रकारानें झाडाची दुर्मिळता पाहिली. दोघांचेंहि एका गोष्टीवर एकमत आहे : सीमेचें झाड आणि ज्ञात झाड यांचा दंड दुप्पट. ज्या झाडाची लोकांत ओळख आहे, ज्याच्या साक्षीवर व्यवहार चालतो, त्याचें रक्षण कायद्यानें अधिक करावें, असा याचा भावार्थ.

(४)

सीमावृक्षाचा उल्लेख मनूनेंहि केला आहे. वड, पिंपळ, पळस, सांवरी, साल, ताड व चिकाचीं झाडें सीमेवर लावावीं असें तो आठव्या अध्यायांत सांगतो. हीं झाडें दीर्घायु किंवा दुरून ओळखूं येणारीं आहेत. माणसाची साक्ष एका पिढीपुरती, झाडाची साक्ष कित्येक पिढ्यांची. म्हणून सीमेवर झाड. आमच्या संग्राहक मित्रांनीं जे सीमेचे कागद पाहिले असतील त्यांत ‘अमुक वडापासून तमुक चिंचेपर्यंत’ अशी शिवेची वाट त्यांस पुष्कळदां आढळली असेल. ही झाडाची नोंद झाडासाठीं केलेली नव्हे, जमिनीसाठीं केलेली आहे. परंतु तिचा परिणाम असा होई कीं तें झाड तोडणें म्हणजे दोन गांवांचा पुरावा नाहींसा करणें होय. मग दोन्ही गांवें त्या झाडावर डोळा ठेवीत.

दानपत्रांतहि हेंच दिसतें. परमार राजांच्या ताम्रपटांत दिलेल्या गांवास ‘सवृक्षमालाकुल’ म्हणजे झाडांच्या रांगांसकट असें विशेषण लाविलेलें आढळतें. परमारांचा अंमल आमच्या बाजूस पोंचला होता याचा पुरावा कळवण येथेंच मिळालेला आहे. भोजदेवाच्या वेळचा यशोवर्म्याचा कळवण ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’च्या एकोणिसाव्या खंडांत छापलेला असून त्यांत या भागास श्वेतपद असें नांव आहे.

पुढें मराठी सनदांत हें विशेषण जाऊन त्याच्या जागीं ठराविक शब्दांची माळ आली : ‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित’. ही माळ संग्राहकांच्या इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं ती वाचतांना डोळा पुढें घसरतो. पण थोडें थांबून पाहावें. ‘तरु’ आणि ‘काष्ठ’ असे दोन शब्द वेगळे आहेत. उभें झाड ही एक वस्तु आणि त्याचें लांकूड ही दुसरी वस्तु; दोहोंचा हक्क दोन शब्दांनीं द्यावा लागे. लांकडाच्या भावानें झाडाची किंमत करणें ही जी आजची रीति आहे ती या लेखकांस मान्य झाली नसती. कारण त्यांच्या लेखीं उभ्या झाडास काष्ठाहून वेगळें मोल होतें. शिवाय या सनदांत बहुधा ‘खेरीज हक्कदार’ अशी मेख असते. म्हणजे इनामदार नवा आला तरी झाडापाशीं आधींच ज्याचा हक्क आहे त्याचा हक्क तसाच राही.

(५)

या परंपरेंतील सर्वांत स्पष्ट लेख म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र होय. हल्लीं त्यांतील झाडांविषयींचा उतारा शिवछत्रपतींचें पत्र म्हणून जागोजाग छापतात. शिवाजीमहाराजांच्या राज्यनीतीचें प्रतिबिंब त्या ग्रंथांत आहे यांत शंका नाहीं. परंतु तो ग्रंथ अमात्यांचा असून महाराजांच्या मागून बऱ्याच वर्षांनीं, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या वेळीं लिहिलेला आहे. संशोधकांनीं तरी हा भेद पाळावा.

हा उतारा आरमाराच्या प्रकरणांत आहे. तारवांस लांकूड लागतें; तें कोठून घ्यावें हा तेथील प्रश्न. आशय असा : सागवान वगैरे राज्यांतील लांकूड लागेल तें परवानगीनें तोडावें, कमी पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा, फणस यांचेंहि लांकूड आरमाराच्या उपयोगाचें आहे, पण त्यांस हात लावूं देऊं नये. कारण हीं झाडें एकदोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून पोटच्या मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तीं तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर त्याच्या धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तें तोडावें. बलात्कार करूं नये.

हा उतारा करुणेचा म्हणून वाखाणला जातो. तो करुणेचा आहेच. पण त्यांतील शासनाची बाजू अधिक विचारार्ह आहे. राज्यास लांकडाची खरी गरज आहे हें अमात्यांनीं लपविलेलें नाहीं. गरज मान्य करून तिला मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा म्हणजे धन्याची संमति. जेथें धनी माहीत आहे तेथें संमति विचारतां येते. झाडाचा धनीच माहीत नसेल तर हा सगळा नियम पोकळ होतो. म्हणून आम्ही म्हणतों कीं नुसत्या गणतीनें भागत नाहीं. गणती तोडणाराच्याहि उपयोगी पडते. जंगलांतले सागवान मोजणारे सगळेच कांहीं तें राखण्यासाठीं मोजीत नव्हते. झाडाच्या नोंदीपुढें राखणाराचें नांव असेल तरच ती नोंद रक्षणाची होते.

(६)

राखणें म्हणजे केवळ न तोडणें नव्हे. बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्यायांत वराहमिहिरानें दोन झाडांतील अंतर २० हात असल्यास उत्तम, १६ हात मध्यम व १२ हात कनिष्ठ असें सांगितलें आहे. जवळ जवळ लावलेल्या झाडांच्या मुळ्या एकमेकींत गुंतून तीं नीट फळत नाहींत, असें कारणहि दिलें आहे. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा या विषयावरील स्वतंत्र ग्रंथ. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होती. ती मिळवून इ. स. १९९६ मध्यें सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशननें भाषांतरासह प्रसिद्ध केली. एका पोथीच्या जतनावर एका विद्येचें जतन कसें अवलंबून असतें याचें हें उदाहरण आमच्या वाचकांस विशेष रुचेल.

नाशिकच्या पंचवटीचें नांव पांच वडांवरून पडलें असें लोक सांगतात. परंतु यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या व्रतखंडांत स्कंदपुराणाच्या आधारें पंचवटीचें जें लक्षण दिलें आहे त्यांत वड एकच आहे : पूर्वेस पिंपळ, उत्तरेस बेल, पश्चिमेस वड, दक्षिणेस आंवळा व आग्नेयेस अशोक. प्रत्येक झाडास जात व दिशा नेमून दिली आहे. जागा आधीं ठरवून मग झाड लावावें, ही यांतील शिकवण. गांवच्या पाराचें झाड पाहिलें म्हणजे याच्या उलट प्रकार दिसतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलेलें, मुळांस पाणी शिरण्यास वाट नाहीं, फांद्यांस तारा गुंडाळलेल्या, खोडांत फलकांचे खिळे. असें झाड कोणीं तोडलेलें नसतें. तें आपोआप वाळलें असेंच सांगण्यांत येतें. वराहमिहिराच्या अध्यायाचा अर्थ ज्यास कळला त्यास तें आपोआप वाळलें असें म्हणतां येणार नाहीं.

(७)

आजच्या कायद्यांकडे या दृष्टीनें पाहिलें असतां जुन्या लेखांचे धागे त्यांत दिसतात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या मूळ अनुसूचींत १६ प्रकारचीं झाडें आहेत. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन वगैरे त्यांत येतात. आज्ञापत्रांतले आंबा व फणस येथें पुन्हा एकत्र भेटतात. परंतु वड, पिंपळ व निंब यांस त्या यादींत स्थान नव्हतें. ज्या झाडांस स्मृतींनीं व लोकाचारानें सर्वांहून अधिक जपलें, तींच लेखांतून सुटलीं. त्यांचें लांकूड बाजारांत फारसें मोलाचें नाहीं, हेंच कारण असावें. म्हणजे येथें ‘तरु’ गळून ‘काष्ठ’ उरलें.

नागरी भागासाठीं महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचें संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा निराळा कायदा झाला. त्यांत वृक्ष प्राधिकरण, तोडण्यापूर्वीं परवानगी, लोकांच्या हरकती व दर पांच वर्षांनीं वृक्षगणना या गोष्टी आहेत. इ. स. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षांचें किंवा त्याहून जुनें झाड वारसा वृक्ष ठरलें, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं झाडें लावण्याचा नियम आला. याज्ञवल्क्याचा ‘विश्रुत वृक्ष’ येथें नव्या वेषांत परत आला आहे.

परंतु वयावर आधारलेला नियम वयाच्या पुराव्याशिवाय चालत नाहीं. वडाच्या पारंब्यांचे नवे बुंधे होतात, त्यामुळें खोडाच्या वलयांवरून त्याचें वय सांगणें कठीण. मग पुरावा कोणता? जुना कागद, जुना नकाशा, जुनें छायाचित्र, वृद्धांची साक्ष. म्हणजे जें काम आपण करीत आलों तेंच. इ. स. २०२५ च्या नोव्हेंबरांत सिंहस्थाच्या साधुग्रामासाठीं नाशिकच्या तपोवनांतील सुमारे अठराशे झाडांचा प्रश्न उठला व मोठा लोकक्षोभ झाला. त्या वादांत कोणाचा पक्ष खरा हें येथें ठरवावयाचें नाहीं. पण झाडें किती, त्यांतलीं जुनीं किती, हाच प्रश्न जेथें वादाचा होतो तेथें नोंद आधींपासून सर्वांच्या हातीं असती तर वादाचा पाया तरी पक्का झाला असता.

(८)

मोठ्या शहरांत बोलणारे पुष्कळ असतात. देवळ्यासारख्या गांवाची अडचण निराळी आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें, इ. स. १९९२ मध्यें, ग्रामाचें नगर होत असलेल्या संक्रमणाच्या क्षेत्रास नगरपंचायत असें नांव दिलें. या संक्रमणांतच गांवठाणांतील जुनीं झाडें सर्वांत अधिक धोक्यांत असतात. रस्ता रुंद होतो, गटार येतें, शेताचे प्लॉट पडतात, बांधावरचें झाड एकाएकीं बिनधन्याचें होतें. पाराचें झाड सर्वांचें म्हणून कोणाचेंच नाहीं. जुनी सीमा मिटल्यामुळें सीमेच्या झाडाची साक्ष कोणास नको असते. आमच्या भागांत पिंपळगाव (वाखारी) यासारख्या गांवांच्या नांवांत झाड टिकून आहे. नांवांत झाड राहावें आणि गांवांत राहूं नये, अशी पाळी येऊं देऊं नये.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक लहान नगरांत जुन्या झाडांची एक वही करावी. तींत झाडाची जात, ठिकाण, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजलेला घेर, छायाचित्र, त्या झाडास लोकांत असलेलें नांव, जुन्या कागदांत त्याचा उल्लेख असल्यास तो मूळ शब्दांत, वृद्धांनीं सांगितलेली माहिती सांगणाराच्या संमतीनें, आणि शेवटच्या रकान्यांत त्याच्या देखरेखीचा भार ज्यानें घेतला त्याचें नांव असावें. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर वरच्या सगळ्या रकान्यांचा उपयोग अर्धाहि होणार नाहीं. शाळेचा एक वर्ग, एखादें तालीममंडळ, एखादें घर, कोणीहि चालेल. वहीची एक प्रत नगरपंचायतींत, एक ग्रंथालयांत व एक संशोधनमंडळाच्या दप्तरांत ठेवावी.

संग्राहकांस आमची स्वतंत्र विनंति आहे. आपल्या रुमालांतील महजर, शिवेचे करार, वांटणीपत्रें, इनामाच्या सनदा पुन्हा उलगडतांना झाडांचे उल्लेख वेगळे टिपून घ्यावे, आणि गांव व कागदाची मिति देऊन प्रसिद्ध करावे. आजवर ते उल्लेख जमिनीची हद्द ठरविण्यापुरतेच पाहिले गेले. यापुढें त्यांतील एखादें झाड अद्याप उभें आहे कीं काय हेंहि जाऊन पाहावें. उभें असेल तर कागद व झाड एकमेकांचे साक्षी होतील, आणि त्या झाडाच्या वयाचा वाद उद्यां कोणीं काढला तर उत्तर देण्यास लेखी आधार राहील. उभें नसेल तर तेथें त्याच जातीचें झाड लावण्यास याहून चांगलें प्रमाण मिळणार नाहीं.